मार्क्याची भक्ति आणि जामीनकी

जून महिन्यांत जालन्याच्या बाजारांत दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांची गर्दी असते. मोंढ्याच्या बाजूस बी-बियाण्यांच्या दुकानांपुढें कपाशीच्या पिशव्यांसाठीं शेतकरी उभे असतात. आणि बारावीचा निकाल लागून पुढील प्रवेशांची धांवपळ चालू असल्यामुळें संगणकांच्या दुकानांत त्याच शेतकऱ्यांचीं मुलें उभीं असतात. पुष्कळ वेळां बाप तिकडचें काम उरकून, बियाण्याची पिशवी कांखेंत धरून इकडे येतो. मी दोन्ही दुकानांत अनेकदां उभा राहिलों आहें, आणि दोन्ही ठिकाणीं मला एकच वाक्य ऐकूं आलें आहे : “अमुकच पाहिजे.” गिऱ्हाईक वस्तूचे गुण विचारीत नाहीं, तें नांव सांगतें. तें नांव दुकानांत नसेल, तर दुसरें काय आहे हें न पाहतां तें पुढच्या दुकानाची वाट धरतें.

या उत्साहास हंसणें फार सोपें आहे. आम्हां शिक्षकवर्गास तर तें विशेष सोपें जातें. कारण नांवास भुलूं नये, गुण पाहावे, असें आम्ही वर्गांत नित्य सांगत असतों. (आमच्या संस्था मात्र उमेदवाराच्या गुणांपेक्षां त्याच्या विद्यापीठाचें नांव आधीं पाहतात, ही गोष्ट निराळी.) परंतु हंसून प्रश्न सुटत नाहीं. एखाद्या वस्तूवर तिच्या मार्क्यासाठीं प्रेम करणें, तो मार्का इतरांनींहि घ्यावा म्हणून आग्रह धरणें, यांत कांहीं नैतिक दोष आहे काय. आणि असल्यास तो नेमका कोठें आहे? सामान्यतः या प्रश्नाचें उत्तर ‘मूर्खपणा’ किंवा ‘दिमाख’ या दोन शब्दांपैकीं एकानें दिलें जातें. मला दोन्ही उत्तरें चुकीचीं वाटतात. दोष आहे, पण तो दुसऱ्याच ठिकाणीं आहे. तें ठिकाण मला पुस्तकांतून सांपडलें नाहीं. माझ्या हातून एका माणसाचें नुकसान झालें तेव्हां सांपडलें. तो प्रसंग पुढें सांगणार आहें. त्यापूर्वीं या उत्साहाच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें सर्व म्हणणें न्यायाचें होईल.

हा उत्साह किती दूर जाऊं शकतो याचें उदाहरण फार लांबचें नाहीं. १८ एप्रिल २०२३ रोजीं मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांत ॲपल कंपनीनें हिंदुस्थानांतील आपलें पहिलें स्वतःचें दुकान उघडलें, तेव्हां कंपनीचे मुख्य अधिकारी टिम कुक स्वतः दारांत उभे होते, आणि लोक आदल्या रात्रीपासून बाहेर रांग धरून बसले होते. एका गृहस्थानें तर आपलें फार जुनें मॅकिंटॉश यंत्र बरोबर आणलें होतें. तें विकावयाचें नव्हतें, दुरुस्तहि करावयाचें नव्हतें. जुन्या वारकऱ्यानें आपली वीणा दाखवावी तसें तें त्यानें कुक यांस दाखविलें. हें धर्माचें उदाहरण मी उगीच देत नाहीं. या कंपनींत १९८० च्या दशकांत यंत्राचा प्रसार करणाऱ्या अधिकाऱ्यांस ‘इव्हँजेलिस्ट’, म्हणजे सुवार्ता सांगणारा प्रचारक, असा ख्रिस्ती धर्मांतून उचललेला हुद्दाच दिलेला होता. आणि १९९४ सालीं उंबेर्तो इको या इटालियन पंडितानें एका विनोदी लेखांत मॅकिंटॉशच्या अनुयायांची तुलना कॅथलिकांशीं व डॉस वापरणाऱ्यांची प्रॉटेस्टंटांशीं केली होती. इको थट्टा करीत होता. पण थट्टा सर्वांस तत्काळ समजली, यावरूनच तींत कांहीं तथ्य असलें पाहिजे.

आतां उत्साहाची बाजू पाहूं. माझ्या मतें मार्क्याच्या प्रेमाचा मूळ झरा अज्ञान हा आहे. आणि तें अज्ञान लाजिरवाणें मुळींच नाहीं. संगणकाच्या आंत काय आहे तें विद्यार्थ्यास दिसत नाहीं, त्याच्या प्राध्यापकासहि दिसत नाहीं, आणि खरें पाहूं गेल्यास विकणाऱ्यासहि दिसत नाहीं. सुमारें वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं आमच्यासारख्या शहरांत विकला जाणारा संगणक बहुधा दुकानदारानें स्वतः जुळविलेला असे; त्यास ‘असेंबल्ड’ म्हणत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणावे, दुकानाच्या मागच्या खोलींत बसून ते जोडावे, आणि गिऱ्हाइकाच्या घरीं जाऊन यंत्र मांडून द्यावें, असा तो धंदा होता. त्या यंत्रास नांव नसे. दुकानदाराचा शब्द हीच त्याची हमी. यंत्र बंद पडलें तर रविवारींहि त्याचें दार ठोठावतां येई. पुढें तयार यंत्रें आलीं, लॅपटॉप आले, आणि विश्वास माणसाच्या चेहऱ्यावरून निघून डब्यावरील नांवावर जाऊन बसला. १९९१ सालीं ‘इंटेल इनसाइड’ची मोहीम सुरू झाली, तेव्हां गिऱ्हाइकास जो भाग कधींच दिसावयाचा नव्हता त्याचेंच नांव यंत्राच्या बाहेरून चिकटविलें जाऊं लागलें. आंतलें दिसत नाहीं म्हणून बाहेर नांव हवें : मार्क्याचें सर्व शास्त्र या एका वाक्यांत आहे.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजाराचें उदाहरण घेऊन हेंच दाखविलें. विकणारास मालाचे दोष ठाऊक व घेणारास नाहींत, अशा बाजारांत चांगल्या मालास योग्य किंमत येत नाहीं, आणि हळूहळू चांगला माल बाजारांतून उठतो. या अनर्थावरील उपायांपैकीं एक म्हणून त्यानें मार्क्याचा उल्लेख केला आहे. कारण माल वाईट निघाल्यास गिऱ्हाईक त्या नांवाचा पुढचा सर्व माल टाळून सूड घेऊं शकतें. तेव्हां मार्का म्हणजे अनोळखी माणसानें अनोळखी माणसास दिलेलें वचन आहे, आणि त्या वचनाच्या मागें वचन देणाराची पत गहाण पडलेली आहे. अशा वचनावर विसंबणें यांत मूर्खपणा कोणता?

बियाण्याच्या बाबतींत हें अधिकच खरें आहे, आणि त्याचा इतिहास तर आमच्याच गांवांत घडला. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं जालन्यांत ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी काढली. त्या कार्याबद्दल १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ सालीं सरकारनें मान्य केलेल्या पहिल्या बीटी कपाशीशींहि याच कंपनीचें नांव जोडलेलें आहे. संकरित बियाण्यापूर्वींचा शेतकरी आपल्याच रानांतील चांगलीं बोंडें निवडून पुढील सालचें बीं ठेवी. त्या बियाचा बाप-आजा त्यास ठाऊक असे. संकरित बियाण्याचें पीक पुन्हां पेरून तसेंच येत नाहीं, म्हणून तें दर वर्षीं विकत घ्यावें लागतें; आणि पिशवींतील सरकीकडे कितीहि निरखून पाहिलें तरी ती ऑक्टोबरांत काय देणार हें तिच्या तोंडावर लिहिलेलें नसतें. लिहिलेलें असतें तें नांव. त्या नांवावर शेतकरी सबंध वर्ष लावतो. जुन्या पिढीच्या वाचकांस येथें किर्लोस्करांच्या नांगराचीहि आठवण होईल. लोखंडी फाळानें जमीन विषारी होईल या भीतीनें आरंभीं जो नांगर कोणी घेईना, तोच पुढें महाराष्ट्रांत इतका विश्वासाचा झाला कीं, १९१० सालीं वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानें १९२० सालीं काढलेल्या ‘खबरे’पासून मराठींतील एक नामांकित मासिक उभें राहिलें. नांगराच्या मार्क्यावरील प्रेमानें वाङ्मयाची सेवा केल्याचें असें दुसरें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

येथपर्यंत मी मार्क्याच्या भक्तांच्या बाजूचा आहें. परंतु विश्वास आणि उत्साह या दोन वस्तु एक नव्हेत. विश्वास अनुभवानें वाढतो व अनुभवानें कमीहि होतो. उत्साह गर्दीनें वाढतो आणि अनुभवास जुमानीत नाहीं. ग्लेन डेव्हिस स्टोन या मानवशास्त्रज्ञानें वरंगळच्या कापूस-उत्पादकांमध्यें राहून बरींच वर्षें अभ्यास केला व २००७ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरंगळ आपणांस परकें नाहीं. १९४८ पर्यंत तें आणि जालना एकाच निजामी राज्यांत होतें, आणि कपाशी हें दोहोंचें समान दैव आहे. त्यांस आढळलें तें असें कीं, एका गांवांत एका साली सर्वजण एकाच नांवाच्या बियाण्यावर तुटून पडतात, दुसऱ्या साली दुसऱ्याच. आणि या लाटांचा जमिनीशीं किंवा पिकाशीं फारसा संबंध दाखवितां येत नाहीं. शेजाऱ्यानें घेतलें म्हणून मीं घेतलें, आणि मीं घेतलें म्हणून शेजाऱ्यानें. सर्वांनीं एकमेकांवर विश्वास ठेवला. बियाण्याची परीक्षा मात्र कोणीच केली नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, वस्तूवर प्रेम करणें हेंच मुळीं अयोग्य आहे. मला तसें वाटत नाहीं. ॲरिस्टॉटलनें मैत्रीची मीमांसा करतांना म्हटलें आहे कीं, निर्जीव वस्तूवरील प्रीतीस मैत्री म्हणतां येत नाहीं, कारण ती उलट प्रीति करीत नाहीं, आणि मद्याचें कल्याण व्हावें असें इच्छिणें हास्यास्पद आहे. फार तर तें टिकावें असें माणूस इच्छितो, तेंहि स्वतःस प्यावयास मिळावें म्हणून. त्या तत्त्ववेत्त्यानें आमची खंडेनवमी पाहिली असती, तर त्यानें या मतास थोडी मुरड घातली असती. त्या दिवशीं सुतार करवतीस हळद-कुंकू वाहतो, गिरणीवाला जात्यास हार घालतो, आणि आमच्या येथील सळयांच्या कारखान्यांतून अजस्र यंत्रांपुढें नारळ फुटतो. ही प्रीति मला निर्मळ वाटते. तिच्यांत कृतज्ञता आहे, स्पर्धा नाहीं. परंतु लक्षांत घ्यावें कीं, सुतार स्वतःच्या हातांतील करवतीची पूजा करतो. ती ज्या कारखान्यांतून आली त्याची नव्हे. त्या करवतीचा कोणता दांता बोथट आहे हें त्यास पुरतें ठाऊक असतें, आणि पूजा करून उठल्यावर तो त्यास कानस लावावयास चुकत नाहीं.

भक्तीचेंहि तसेंच आहे. मार्क्याच्या वेडास आपण ‘भक्ति’ म्हणतों खरें, पण यांत आपल्या संतांवर अन्याय होतो. नर्सीचे नामदेव आणि गंगाखेडच्या जनाबाई यांनीं विठ्ठलास जें जें सुनावलें आहे, तसें एखाद्या कंपनीस तिच्या भक्तानें सुनावल्याचें माझ्या ऐकण्यांत नाहीं. ज्यावर खरा विश्वास असतो त्याच्याशींच माणूस भांडतो. याच जिल्ह्यांतील जांब गांवीं जन्मलेल्या समर्थांनींहि भक्तीच्या जोडीस विवेकाचा आग्रह कधीं सोडला नाहीं. तेव्हां तक्रार करण्याची तयारी ही विश्वासाची कसोटी धरली, तर मार्क्याचा भक्त त्या कसोटीस उतरत नाहीं. तो दोष झांकतो. आणि तो कोणापासून झांकतो, हा खरा प्रश्न आहे.

आतां तो प्रसंग सांगतों. त्यास सातएक वर्षें झालीं. जून महिन्यांतच मी प्रिंटरची शाई घेण्यास नेहमींच्या दुकानांत गेलों होतों. अंबड तालुक्यांतील एक शेतकरी आपल्या मुलासह तेथें बसला होता. मुलगा आमच्याच महाविद्यालयांतून बारावी होऊन अभियांत्रिकीस निघाला होता. घरीं मोसंबीचीं थोडीं झाडें, बाकी कपाशी. मृग बहाराचे पैसे हातीं होते, आणि त्यांतूनच बियाणें, खत व लॅपटॉप असें तिन्ही भागवावयाचें होतें. दुकानदारानें एक साधा लॅपटॉप पुढें ठेवला होता. “हा बिघडला तर मी इथंच नीट करून देतो,” एवढेंच तो म्हणत होता. मुलाची नजर मात्र वरच्या फळीवरील दुसऱ्या यंत्राकडे होती. त्याचा मार्का कोणता हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. मुंबईस ज्यासाठीं रांग लागली तो हा नव्हे, आणि वर आलेल्या नांवांपैकीं कोणताच नव्हे, एवढें पुरे. परंतु त्याच मार्क्याचीं यंत्रें मी स्वतः बारा वर्षें वापरीत आलों होतों, आणि माझा त्यावरील लोभ सर्वांस माहीत होता. दोन्ही यंत्रांच्या किंमतींत पंधरा हजार रुपयांचें अंतर होतें. बापानें माझ्याकडे पाहिलें व म्हटलें, “सर, आमाला यातलं काय कळतंय? तुमी सांगा.”

मीं सांगितलें. चांगलीं दहा मिनिटें सांगितलें. त्या दहा मिनिटांत मीं त्यास एकहि प्रश्न विचारला नाहीं. मुलगा कोठें राहणार, यंत्राचें काम त्यास कितपत पडणार, तें बिघडल्यास कोठें न्यावें लागेल, उरलेले पैसे कशाकशास पुरावयाचे आहेत, यांपैकीं कांहींच मला सुचलें नाहीं. मी माझ्या यंत्राविषयीं बोलत होतों, त्याच्या मुलाच्या यंत्राविषयीं नव्हे. दुकानदारानें एकदां माझ्याकडे पाहिलें आणि तो गप्प राहिला. प्राध्यापकाचें म्हणणें खोडून काढणें त्यास बरें वाटलें नसावें. “सर म्हणतेत ना, मग तेच द्या,” असें म्हणून बापानें पैसे मोजले.

हमी एक वर्षाची होती. ती संपून दोन महिने झाले नाहींत तोंच यंत्राचा मुख्य भाग जळला. त्या मार्क्याचें दुरुस्तीकेंद्र जालन्यांत नव्हतें. साठ किलोमीटरांवर छत्रपति संभाजीनगरास, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादेस, यंत्र न्यावें लागलें, आणि दुरुस्तीचा आंकडा जवळजवळ निम्म्या किंमतीचा निघाला. तो शेतकरी दुकानदाराकडे गेला नाहीं, कंपनीकडेहि गेला नाहीं. तो माझ्या घरीं आला, आणि रिकाम्या हातीं कसें यावें म्हणून मोसंबीची पिशवी घेऊन आला.

मीं काय केलें? मीं कंपनीची बाजू मांडली. वीज कमी-जास्त झाली असेल, मुलानें यंत्र नीट हाताळलें नसेल, हजारांत एखादें असें निघावयाचेंच, असें मी एकामागून एक बोलत गेलों. बोलतां बोलतांच मला जाणवूं लागलें कीं, हीं वाक्यें पगारी वकिलास शोभणारीं आहेत. आणि मला तर कोणी एक छदाम दिलेला नव्हता. तरीहि मी थांबलों नाहीं. कारण मार्क्याचा दोष कबूल करणें म्हणजे माझा दोष कबूल करणें, अशी माझ्या मनाची अवस्था झाली होती. मार्का आणि मी यांत अंतरच उरलें नव्हतें. त्यानें सर्व ऐकून घेतलें. “बरं,” तो म्हणाला. मग उठतां उठतां म्हणाला, “बियाणं उगवलं नाही, तर दुकानदार निदान रानात येऊन बघून तरी जातो.” त्यांत टोमणा नव्हता. तो एक माहिती सांगत होता.

त्या वाक्याचा अर्थ लावण्यास मला फार दिवस लागले. तो अर्थ आमच्या बाजारास पूर्वींपासून ठाऊक असलेल्या एका शब्दांत आहे : जामीन. कर्ज घेणारा एक, देणारा दुसरा, आणि “हा बुडवणार नाहीं” असें सांगणारा तिसरा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १२६ व्या कलमांत या तिघांच्या व्याख्या आहेत. आणि १२८ वें कलम असें सांगतें कीं, करारांत निराळें ठरलेलें नसल्यास जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच राहील. म्हणजे ज्यानें शब्द टाकला त्यानें तो पैशानेंहि पुरा करावा. हुंडीचेंहि तत्त्व हेंच. इंग्रजींतील ‘एन्डॉर्समेंट’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘पाठीवर लिहिणें’ असा आहे. हुंडीच्या पाठीवर सही करून जो ती पुढें देतो, तो, तसें टाळणारा शब्द लिहून ठेवला नसल्यास, तिच्या रकमेस बांधला जातो. आज तोच शब्द नटनट्यांनीं व खेळाडूंनीं मालाची जी तारीफ करावी तिला लावतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें अशा तारिफेसहि थोडी जबाबदारी चिकटविली : जाहिरात दिशाभूल करणारी ठरल्यास तींत भाग घेणारास दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो, आणि आपण आधीं योग्य ती चौकशी केली होती असें त्यानें दाखविल्यास तो दंडांतून सुटतो.

मोबदला घेऊन तारीफ करणारास कायद्यानें गांठलें. फुकट तारीफ करणारास कोण गांठणार? कायद्यानें गांठूं नये, हेंच योग्य. नाहीं तर शेजारी शेजाऱ्याशीं बोलावयाचा नाहीं. परंतु जेथें कायदा संपतो तेथेंच नीतीचा प्रांत सुरू होतो. फुकट तारीफ ही विकत घेतलेल्या तारिफेपेक्षां अधिक परिणाम करते, कारण ऐकणारास वाटतें कीं, बोलणाराचा यांत स्वार्थ नाहीं. त्या शेतकऱ्यानें माझा शब्द जाहिरात म्हणून घेतला नव्हता. जामीन म्हणून घेतला होता. आणि मी तर असा जामीन निघालों कीं, कर्ज बुडाल्यावर ऋणकोच्याच वतीनें सावकारास उपदेश करूं लागलों. मार्क्याच्या भक्तीचा नैतिक दोष माझ्या मतें येथें आहे. तो खर्चांत नाहीं, भोळेपणांत नाहीं, दिमाखांतहि नाहीं. तो जबाबदारी न घेतां जामीन राहण्यांत आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, या न्यायानें कोणीच कोणास सल्ला देणार नाहीं, आणि अडाणी गिऱ्हाईक अधिकच उघड्यावर पडेल. या आक्षेपांत वजन आहे. परंतु सल्ला आणि प्रचार यांतील भेद ध्यानीं ठेवला म्हणजे तो दूर होतो. सल्ला विचारणाराच्या गरजेपासून सुरू होतो, प्रचार सांगणाराच्या आवडीपासून. दुकानदारानें “मी इथंच नीट करून देतो” असें जें सांगितलें, तो सल्ला होता. त्यांत त्याची स्वतःची जबाबदारी, तिची मर्यादा आणि तिचें ठिकाण सर्व आलें होतें. माझें दहा मिनिटांचें भाषण हा प्रचार होता. सल्ला देणारा चुकूं शकतो. पण तो निदान विचारणाराच्या वतीनें चुकतो.

दुसरा आक्षेप असा कीं, घेणारा सज्ञान आहे, निवड त्याची आहे, तेव्हां परिणामहि त्याचाच. हें मोठ्या शहरांतील दोन अनोळखी माणसांविषयीं खरें असेल. परंतु जेथें प्राध्यापक दुकानांत शिरल्यावर चार माणसें खुर्ची सोडून उठतात, तेथें त्याचें मत हें चारांतील एक मत राहत नाहीं. समाजानें मला जो मान दिला, तो माझ्या विषयांतील ज्ञानासाठीं दिला. तो मीं एका कंपनीच्या मालावर खर्च केला. दुसऱ्याची ठेव तिसऱ्याच धंद्यांत लावणाऱ्या पेढीवाल्यास आपण काय म्हणतों?

म्हणून माझ्यापुरता मीं एक नियम केला आहे, आणि तो वाचकांपुढें केवळ विचारासाठीं ठेवतों. ज्या वस्तूचे निदान दोन दोष मला सांगतां येत नाहींत, तिची तारीफ मीं दुसऱ्यापुढें करावयाची नाहीं. कारण दोष दिसत नसतील तर मी वस्तु पाहत नसून नांव पाहत आहें. आणि माझ्या शब्दावर कोणी वस्तु घेतलीच, तर ती बिघडल्यावर निदान त्याच्याबरोबर दुकानापर्यंत जावयाचें. जामीनकीची पुरी रक्कम भरण्याची ऐपत सर्वांस नसते; पण बरोबर जाणें सर्वांस शक्य आहे. नियम मोठा नाहीं. पण तो पाळूं लागल्यापासून माझें बोलणें बरेंच कमी झालें आहे, यावरून पूर्वीं त्यांत भर कशाची होती तें कळतें.

त्या मुलाचें शिक्षण थांबलें नाहीं. त्या दुकानदारानें एक वापरलेलें यंत्र नीट करून थोडक्या पैशांत त्यास दिलें, आणि त्यावरच त्यानें पदवी पुरी केली. मला मात्र स्वस्थता नव्हती. पुढें वर्षभरानें मी त्यांच्या गांवीं गेलों, व किंमतींतील त्या अंतराचे पंधरा हजार रुपये एका पाकिटांत घालून बापापुढें ठेवले. त्यानें पाकीट हातांतहि घेतलें नाहीं. तो खरोखर आश्चर्यानें म्हणाला, “सर, तुमी काय कंपनी हाव का?”

त्यास मला दोषमुक्त करावयाचें होतें, आणि त्यानें तें मनापासून केलें. पण परत येतांना वाटभर तो प्रश्न माझ्याबरोबर होता. मी कंपनी नव्हतों, हें त्यास ठाऊक होतें. दुकानांतील त्या दहा मिनिटांत, आणि माझ्या घरच्या त्या अर्ध्या तासांत, तें मला ठाऊक नव्हतें.